सोसायटीचं पत्र, घरपट्टीतली ४० टक्के सवलत आणि आपण सगळे

सचिव_नाइलाजाने

मंडळी, सल्ला कमी आणि मतं जास्त येणार हे माहीत असूनही विचारतोय.

आमची सोसायटी वारज्यात. एका सर्वसाधारण सभेला मी उशिरा पोचलो, तेव्हापासून सचिवपद माझ्या गळ्यात आहे. गेल्या आठवड्यात एका सभासदाचा फोन आला. स्वतःच्या घरात राहणाऱ्याला पुणे मनपा मिळकतकरात जी ४० टक्के सवलत देते (१९७० पासूनची, मधे बंद पडलेली, २०२३ मध्ये परत मिळालेली), तिच्यासाठी त्यांना पीटी-३ अर्ज भरायचाय. सोबत सोसायटीचं पत्र हवंय, की सदर सदनिकेत मालक स्वतः राहतात.

गृहस्थ बंगळूरला असतात. सदनिकेत हिंजवडीला नोकरी करणारी तीन मुलं राहतात. त्यांचा भाडेकरार आणि पोलिसांकडे केलेल्या नोंदणीची प्रत माझ्याच फायलीत आहे. इतकंच काय, त्या सदनिकेकडून आम्ही दरमहा बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः राहत नसेल तर लागतं ते) घेतो आणि हे गृहस्थ ते भरतात!

मी नाही म्हटलं. त्यांनी विषय व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला आणि सगळे माझ्यावरच तुटून पडले. 'तुमच्या खिशातून जातंय का?' 'आधी सिंहगड रोडचे खड्डे बघा.' 'बाकीच्या भाड्याच्या फ्लॅटना मिळतेच आहे की.' पंधरवड्यापूर्वी ह्याच ग्रुपवर मोठ्या कंपन्या मॉरिशसमार्गे कर कसा वाचवतात ह्याचा व्हिडिओ आला होता, तेव्हा हीच माणसं 'फासावर द्या' म्हणत होती.

तर तुमची रेघ कुठे आहे? कुठपर्यंत चालतं आणि कुठून पुढे चालत नाही?

आडवा_बोळ

पहिला! पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे.

कर्वेनगरकर

पत्र देऊन टाका हो. वर्षाला पाच-सात हजारांचा मामला. त्यासाठी सोसायटीत वैर कोण घेतं? पाणी वेळेवर येत नाही, कचरा आपणच वेगळा करायचा, टँकरचे पैसे वेगळे. कसला कर आणि कसलं काय.

अनुस्वार

@कर्वेनगरकर, खड्डे आहेत म्हणून कर भरत नाही असं म्हणणारे भरपूर भेटतात. रस्ता नीट झाल्यावर जाऊन भरला असा एकही भेटलेला नाही. तुम्हाला भेटला तर कळवा.

सीए_तरीही_माणूस

हा धागा माझ्यासाठीच काढलाय असं वाटलं, म्हणून थोडं सविस्तर. कलमांचे आकडे १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यातले देतोय, कारण सगळ्यांना तेच पाठ आहेत. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा कायदा लागू आहे आणि त्यात आकडे बदललेत.

आधी साधं. ८०सीची दीड लाखाची गुंतवणूक, एचयूएफचं (एकत्र हिंदू कुटुंबाचं) वेगळं खातं, आईवडिलांच्या घरात राहून त्यांना खरोखर भाडं देणं ह्यात लपवाछपवी काहीच नाही. शेवटच्या बाबतीत लोक गोंधळतात. वडिलांच्या नावावर घर आहे, तुम्ही दरमहा बँकेतून भाडं देता, वडील ते उत्पन्न विवरणपत्रात दाखवतात (त्यातून ३० टक्के सरसकट वजावट त्यांना मिळते), तर घरभाडे भत्त्याची सूट बिनदिक्कत घ्या. पण माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या आठांचे वडील भाडं 'घेतात' ते फक्त मार्चमध्ये, पावतीपुरतं.

मग ते मॉरिशस. सुप्रीम कोर्टानेच ह्यावर दोन सूर लावलेत. १९८५ च्या मॅकडॉवेल निकालात म्हटलं की कायद्याच्या चौकटीतलं नियोजन ठीक, पण दिखाऊ व्यवहार रचून कर वाचवणं म्हणजे नियोजन नव्हे. २००३ मध्ये आझादी बचाओ आंदोलनाच्या खटल्यात मात्र मॉरिशसमार्गे येणाऱ्यांना भारत-मॉरिशस कर करारातली सवलत नाकारता येणार नाही असा निकाल लागला. २०१२ च्या जानेवारीत व्होडाफोन प्राप्तिकर खात्याची सुमारे ११,००० कोटींची करमागणी मोडीत काढून जिंकली. त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पात सरकारने कायदाच मागच्या तारखेने बदलला आणि २०२१ मध्ये तो बदल परत घ्यावा लागला. मधल्या काळात मॉरिशसचा करार २०१६ मध्ये सुधारला, आणि २०१७ पासून गार (करचुकवेगिरीविरोधी सर्वसाधारण नियम) लागू झालं. म्हणजे निव्वळ कर वाचवण्यासाठीच रचलेली व्यवस्था खातं नाकारू शकतं. त्यालाही उंबरठा आहे, कराचा फायदा ३ कोटींच्या वर हवा. तुमचं-माझं काही तिथपर्यंत जात नाही.

आता सचिवसाहेबांचं पत्र. इथे मॉरिशसवाल्या कंपनीने निदान मॉरिशसमध्ये खरीखुरी कंपनी काढलेली असते. तुमचे सभासद वारज्यात राहतच नाहीत. पळवाट शोधायलासुद्धा थोडं कायद्याचं वाचन लागतं, ही सरळ खोटी सही आहे. आणि सही तुमची आहे, त्यांची नाही.

आडवा_बोळ

थोडक्यात, फसवायचं तर ३ कोटींच्या वर फसवा. हलके घ्या.

सीए_तरीही_माणूस

उलटं वाचलंत. पण फी दिलेली नाही, त्यामुळे चालेल.

भाडेकरू_नवीपेठेतला

घरमालकांबद्दल बोलायचं असेल तर मला रात्र पुरणार नाही.

मागचं घर कोथरूडला होतं, भाडं २४,०००. मालक निवृत्त, अतिशय सज्जन, गणपतीला उकडीचे मोदक आणून देणारे. करार करायला बसलो तर म्हणाले, करारात १४ लिहू, १० हातात द्या. का? तर 'उगीच कागदावर कशाला'. मुद्रांक शुल्क वाचावं म्हणून असेल असं मला आधी वाटलं. पण भाडेकराराला ते एकूण भाड्याच्या पाव टक्का असतं, म्हणजे वाचणार किती, काही शे रुपये! खरं कारण पॅन. वर्षाला एक लाखाच्या वर भाडं असेल तर सूट घेताना मला ऑफिसात मालकाचा पॅन द्यावा लागतो. १४ च्या हिशोबाने तो द्यावाच लागणार होता, म्हणून निदान वरचे १० तरी कोणाला दिसू नयेत.

मी भांडलो, कारण त्यात माझं नुकसान होतं. शेवटी २० वर तडजोड झाली. तत्त्वासाठी भांडलो असं म्हणणार नाही.

पुढची गंमत बघा. दोन वर्षांनी मी नव्या करप्रणालीत गेलो. तिच्यात घरभाडे भत्त्याची सूटच नाही, आणि २०२५-२६ पासून पगारदाराला पावणेतेरा लाखांपर्यंत कर शून्य. मला पावतीची गरजच उरली नाही. आताचे मालक म्हणाले रोख द्या, मी म्हटलं बरं. पूर्वी माझा स्वार्थ आणि त्यांचा स्वार्थ आमनेसामने होते, त्यामुळे थोडं तरी खरं कागदावर यायचं. आता दोघांचाही स्वार्थ एकाच बाजूला आहे. दरमहा ५०,००० च्या वर भाडं असेल तर भाडेकरूने टीडीएस कापायचा असतो, पण आपल्याकडे त्या भावाची घरं किती आणि कापणारे किती.

अनुस्वार

स्वार्थ आमनेसामने होते हा मुद्दा आवडला. करप्रणाली सोपी करताना हे कुणाच्या लक्षात आलं नसेल असं मात्र वाटत नाही.

तापकीर_गल्ली

दुकानदार बोलतोय. नेहमी शिव्या आम्हालाच बसतात, म्हणून आज लिहितो.

पंखा घ्यायला माणूस येतो. गळ्यात कंपनीचं कार्ड, हिंजवडी नाहीतर मगरपट्टा. किंमत सांगितली की पहिला प्रश्न, 'बिल नको असेल तर किती?' मी म्हणतो तितकेच. तो हसतो, त्याला वाटतं मी भाव खातोय. मग पुढच्या दुकानात जातो. हाच माणूस रात्री फेसबुकवर लिहितो की देशात कर फक्त पगारदार भरतो आणि व्यापारी चोर.

आता ऐका, बिलाशिवाय माल जातो कसा. मी कंपनीकडून पक्क्या बिलावर घेतो, तो माल माझ्या जीएसटीआर-२बी मध्ये (जीएसटीच्या खरेदी नोंदीत) दिसतो. बिलाशिवाय विकला तर कागदावर तो माझ्या गोदामात पडूनच राहणार. मग त्याचं बिल दुसऱ्या कुणाच्या तरी नावाने फाडायचं. ज्याला माल नकोय, नुसतं बिल हवंय, म्हणजे इनपुट क्रेडिट घ्यायला (खरेदीवरचा जीएसटी स्वतःच्या करातून वजा करायला). असे ठेकेदार हवे तितके मिळतात. पंखा तुमच्या घरी फिरतो आणि त्याचं बिल कुठल्या तरी बांधकामाच्या खर्चात फिरतं. तुम्हाला १८ टक्के सुटले असं वाटतं, त्याच १८ टक्क्यांवर तिकडे दुसरा माणूस क्रेडिट खातो. सगळे दुकानदार असं करतात असं मी म्हणत नाही. पण सुरुवात 'बिल नको' पासून होते आणि ते वाक्य गिऱ्हाईकाचं असतं.

पगारदारांच्या प्रामाणिकपणाबद्दल एकच सांगतो. पगार हातात यायच्या आधी कर कापला जातो. चोरी करायची सोयच नाही, त्यामुळे तुम्ही चोर की साव हे कुणालाच माहीत नाही, तुम्हालासुद्धा. जिथे सोय आहे तिथे काय करता ते मला काउंटरच्या ह्या बाजूने रोज दिसतं.

कर्वेनगरकर

वा! आणि २०१३ मध्ये जकातीऐवजी एलबीटी (स्थानिक संस्था कर) आला तेव्हा दिवसेंदिवस दुकानं बंद कुणी ठेवली होती? जकात नको म्हणून तुम्हीच ओरडत होता, ती गेली तर एलबीटीही नको.

तापकीर_गल्ली

ठेवली होती, मीसुद्धा ठेवली होती. जकातीत नाक्यावर पैसे मोजले की विषय संपायचा. एलबीटीत मनपाचा माणूस येऊन वह्या तपासणार होता. विरोध दरापेक्षा तपासणीला जास्त होता, आता मान्य करायला हरकत नाही. २०१५ मध्ये ५० कोटींच्या खालच्यांचा एलबीटी गेला, आणि दोन वर्षांत जीएसटी आला. आता दर महिन्याला वह्या आम्हीच पाठवतो.

पत्र्या_मारुतीजवळ

वय ७६. बँकेतून निवृत्त. जकातीचा विषय निघाला म्हणून.

जकात असताना मुंबईहून टीव्ही आणताना खोका फोडून, पोत्यात गुंडाळून, वर गाद्या टाकून आणणारे प्राध्यापक मला माहीत आहेत. त्यात कुणाला लाज वाटत नसे, उलट नाका कसा चुकवला ते जेवताना रंगवून सांगत. ह्यातलेच लोक आणीबाणीविरुद्ध तुरुंगात जाऊन आलेले. तेव्हा माणूस एका बाबतीत सरळ म्हणजे सगळ्यांत सरळ, हे काही खरं नाही.

त्या काळाची दुसरी बाजूही सांगतो. १९७३-७४ मध्ये प्राप्तिकराचा सर्वांत वरचा दर अधिभारासह ९७.७५ टक्के होता. दोन लाखांच्या वरच्या प्रत्येक शंभर रुपयांतले सव्वादोन रुपये माणसाच्या हातात राहणार. एवढा दर लावल्यावर लोक खरं उत्पन्न सांगतील अशी अपेक्षा कोणी केली असेल तर त्याला दंडवत. कर चुकवणं म्हणजे हुशारी, ही सवय त्या काळात पक्की झाली. दर पुढे खाली आले, १९९७ मध्ये ३० टक्क्यांवर आले, पण सवय काही खाली आली नाही.

मला खरा राग आहे तो अभय योजनांचा. त्याच १९९७ साली उत्पन्न स्वेच्छेने जाहीर करायची योजना आली. व्यक्तीने ३० टक्के भरा आणि मोकळे व्हा, व्याज नाही, दंड नाही. जुने दागिने तर १९८७ च्या भावाने दाखवता येत होते. मी तेव्हा शाखेत होतो. ज्यांनी वर्षानुवर्षं जास्त दराने वेळेवर भरला ते रांगेत उभे राहून ह्या लोकांचे ड्राफ्ट बनताना बघत होते. २०१६ मध्ये पुन्हा तशीच योजना, ह्यावेळी ४५ टक्के. मनपाचंही तेच. थकबाकीदाराच्या दारात बँड वाजवायचा, आणि तरीही नाही भरलं तर दंडमाफीची अभय योजना काढायची. वेळेत भरणाऱ्याला पाच-दहा टक्के सूट मिळते हे खरं, पण थांबणाऱ्याला त्याहून जास्त मिळू शकतं हे एव्हाना सगळ्यांना कळलंय.

आडवा_बोळ

काका, बँड चांगला असतो हो. आमच्या गल्लीत एकाच्या दारात वाजला तर लोक वरात समजून बाहेर आले.

सचिव_नाइलाजाने

चर्चा भलतीच रंगली. पत्राचं काय झालं विचारणाऱ्यांसाठी: दिलं. 'सदर सदनिका श्री. अमुक यांच्या मालकीची असून सध्या तेथे भाडेकरू राहतात' असं. सही-शिक्क्यानिशी पाकिटात तयार आहे. न्यायला अजून कुणी आलेलं नाही. त्यांच्या मेव्हण्यांनी मात्र पुढच्या सभेत सचिव बदलायचा प्रस्ताव दिलाय, ज्याला माझा मनःपूर्वक पाठिंबा आहे.

पण एक खटकतं. भाड्याने दिलेल्या बाकीच्या सदनिकांना वर्षानुवर्षं सवलत चालूच आहे, त्यांना कुणी पत्र मागितलं नाही. मी स्वतःहून मनपाला कळवायचं का? अजून तरी कळवलेलं नाही. खोटं लिहायचं नाही इथपर्यंत माझी तयारी आहे, चुगली करायची नाही. ह्या दोन्हींत नक्की फरक आहे का, हे मला नीट सांगता येत नाहीये.

मुळशीकर

लांबून वाचत होतो. वर कुणी अजून शेतीवर आलं नाही ह्याचं नवल वाटलं. एरवी 'शेतकऱ्याला कर नाही' हे तिसऱ्या प्रतिसादात येतं.

आमच्या गावात भात लावणाऱ्यांची यादी करा आणि त्यांचं उत्पन्न मांडा. शेतीचं उत्पन्न करपात्र केलं तरी त्यातला एकही माणूस मर्यादेच्या वर जायचा नाही. मग सवलत वापरतं कोण? धरणाच्या कडेला ज्यांची फार्महाऊसं आहेत ते. महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेता येत नाही, कूळकायद्यात तसं कलमच आहे. तरी शहरातले डॉक्टर, बिल्डर सातबाऱ्यावर येतात. कुणाचा तरी आजोबा कुठल्या तरी तालुक्यात शेतकरी निघतो आणि दाखला तयार होतो. मग पाच गुंठे आंब्याला लाखांचं उत्पन्न कागदावर लागतं. आमच्या शेजारच्या बागेत गेल्या वर्षी मोहर जळून गेला, पण तिथला आंबा विवरणपत्रात मात्र पिकला असणार.

नाव मात्र शेतकऱ्याचं खराब होतं.

सीए_तरीही_माणूस

+१. खात्याला हे माहीत नाही असं नाही. मोठं शेती उत्पन्न दाखवलं की विक्रीच्या पावत्या मागतात. तेव्हा आडत्याची पट्टी आणायला धावपळ होते.

मृण्मयी_सातारारोड

सगळे पुरुषच बोलताय म्हणून एक बाजू.

घराची नोंदणी बाईच्या नावाने केली तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. पूर्वी अट होती की ते घर तिने पंधरा वर्षं पुरुषाला विकायचं नाही, तीही २०२३ मध्ये काढली. नियम चांगल्या हेतूने केलेला आहे. माझ्या नावावर असाच एक फ्लॅट आहे. नोंदणीच्या दिवशी दुय्यम निबंधकाच्या कचेरीत अंगठा माझा, फोटो माझा. घर बघायला, भाव ठरवायला, कर्ज घ्यायला मी नव्हते. आता तो भाड्याने द्यायचा की विकायचा हेही मला विचारलं जात नाही, विकायचं ठरलं तर सहीपुरतं सांगितलं जाईल. ६० लाखांवर एक टक्का म्हणजे ६० हजार वाचले, त्याचा एसी आला.

ह्याला चोरी म्हणायचं का? कायद्याने अजिबात नाही. फ्लॅट माझा आहे का? कायद्याने आहे. मग वर ज्याने रेघ कुठे आहे विचारलं, त्याने ह्याचं उत्तर द्यावं.

भाडेकरू_नवीपेठेतला

आणि भाडं तुमच्या खात्यात येतं का? तुमचं वेगळं उत्पन्न नसेल तर त्यावर कर शून्य, असा हिशोब असतो बहुतेक.

सीए_तरीही_माणूस

तो हिशोब चुकीचा आहे आणि घरोघरी केला जातो. नवऱ्याने मोबदला न घेता बायकोला घर दिलं, किंवा त्याच्या पैशाने तिच्या नावावर घेतलं, तर भाडं त्याच्याच उत्पन्नात धरायचं असतं. बायकोच्या विवरणपत्रात दाखवून हात झटकता येत नाहीत. मृण्मयीताई, तुमच्या पहिल्या प्रश्नाला मात्र माझ्याकडे कलम नाही.

मृण्मयी_सातारारोड

माहीत होतं. भाडं त्यांच्याच खात्यात जातं, त्यामुळे तेवढं तरी नियमात आहे म्हणायचं!

बावधन_बुद्रुक

एक प्रश्न, जरा नाजूक आहे. माझ्या धाकट्या भावाच्या ऑफिसात एक जण सगळ्यांना रिफंड मिळवून द्यायचा. कधी नाव न ऐकलेल्या राजकीय पक्षाला ऑनलाइन देणगी, ८०जीजीसीमध्ये पूर्ण वजावट, आणि पक्षाकडून रोख परत. २०२३-२४ चं विवरणपत्र भावाने तसं भरलंय. आता खात्याचे एसएमएस येताहेत. तो म्हणतो टीममधल्या सगळ्यांनी केलंय, सगळ्यांना थोडंच पकडणार?

सीए_तरीही_माणूस

पकडतात. १४ जुलै २०२५ ला खात्याने देशभरात १५० ठिकाणी नेमक्या ह्याच प्रकारासाठी तपासणी केली. त्यात ८०जीजीसी होतं, खोटं घरभाडं होतं, आजारपणाचे आणि शिक्षणकर्जाचे खोटे दावेही होते. त्याआधीच्या चार महिन्यांत सुमारे ४०,००० करदात्यांनी आपणहून १,०४५ कोटींचे दावे मागे घेतले होते, असं खात्याने तेव्हा जाहीर केलं. 'सगळ्यांनी केलंय' हेच खात्याच्या फायद्याचं आहे. एकाच कंपनीचे, एकाच पक्षाचे, एकाच ईमेलवरून भरलेले दावे संगणकाला चटकन दिसतात.

भावाला म्हणावं, अद्ययावत विवरणपत्र भर, आयटीआर-यू. आता चार वर्षांपर्यंत भरता येतं. उरलेला कर, व्याज, आणि त्या दोन्हींवर जादा रक्कम: पहिल्या वर्षात २५ टक्के, दुसऱ्यात ५०, मग ६०, मग ७०. जितका उशीर तितका महाग. न भरता सापडला तर चुकीच्या माहितीचा दंड कराच्या २०० टक्के.

बावधन_बुद्रुक

धन्यवाद. आणि त्या माणसाने शंभरातले बारा कमिशन म्हणून ठेवले होते, त्याचं काही करता येईल?

सीए_तरीही_माणूस

पावती दिली असेल तर घेऊन या, बघतो.